कॅम्परव्हॅन सड्यावर चढवण्याआधी

मा. संपादक,

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायकोने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आरटीओचे सोपस्कार केले आणि आत बाकडं, शेगडी, छोटा संडास बसवला. पहिल्याच हिवाळ्यात राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अंधार पडता पडता गाडी लावली. सपाट कातळ, वर चांदणं, जवळपास घर नाही. सकाळी गुरं घेऊन आलेल्या आजोबांनी हाक मारली, "पाव्हणे, मागचं चाक बघा जरा." चाकापासून वीतभर अंतरावर कातळात कोरलेला मासा होता, निम्मा गवताखाली.

कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. पण सगळ्याच चित्रांभोवती कुंपण नाही, आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात ती दिसत नाहीत. सड्यावरचा हा जांभा तसा मऊ दगड. जड गाडीच्या चाकाखाली रेघ झिजते, शेकोटीने पापुद्रा सुटतो. शेकोटीचं आणखी एक: दिवाळीनंतर सड्यावरचं गवत काडीसारखं पेटतं आणि वणवा खालच्या आंबा-काजूच्या बागेत उतरतो. वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं एका रात्रीत जळलेला बागायतदार 'पर्यटन वाढलं पाहिजे' हे वाक्य कसं ऐकत असेल?

पाण्याचं तर कुणी बोलतच नाही. जांभ्यातून पाणी झपाट्याने मुरतं. वर संडासाची टाकी ओतली, तर ती पायथ्याच्या विहिरीकडेच जाणार. टाकी 'गुपचूप' रिकामी केल्याचं अभिमानाने सांगणारे मला भेटले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. चांगलंच आहे. पण आमच्यासारख्यांना दर मुक्कामी मोठं पार्क नको असतं. एक नळ, पक्क्या जमिनीचा तुकडा आणि मैला सेप्टिक टँकमध्ये सोडायला झाकण असलेलं एक तोंड, एवढ्यावर भागतं. सरकारी पर्यटक निवासांच्या आवारात आणि इच्छुक ग्रामपंचायतींकडे ही सोय करावी आणि तिचे पैसे घ्यावेत. आम्ही आनंदाने देऊ. मात्र गाडीवाल्यांनीही संडासात तीव्र रसायनं घालू नयेत, नाहीतर सेप्टिक टँकमधले जीवाणू मरतात आणि भुर्दंड यजमानाला पडतो.

तोवर आम्ही स्वतःपुरतं ठरवलंय की पाचच्या आत गावात पोचायचं आणि विचारल्याशिवाय हँडब्रेक ओढायचा नाही. सडा उजाड दिसला तरी सातबाऱ्यावर त्याला मालक असतो. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण (सुट्टी असेल तर), कुणाचं खळं, काही ना काही मिळतंच. पुळणीवर गाडी उतरवत नाही. भरती आपल्या झोपेसाठी थांबत नाही, शिवाय वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला कासवं अंडी घालतात आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे वळतात.

त्या आजोबांकडे यंदाही दोन रात्री राहिलो. पैसे घेतले नाहीत. भांड्यांचं पाणी मात्र माडाच्या आळ्यात ओतायला लावलं, आणि साबण कोणता वापरता ते आधी विचारून घेतलं.

एक निवृत्त शिक्षक, चिपळूण