मिनिमम बॅलन्सचा दंड मुकाट्याने सोसू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सेव्हिंग खात्यात मिनिमम बॅलन्स नाही म्हणून बँका जो दंड कापतात ना, त्याबद्दल लिहितोय. बँकेने कापलंय म्हणजे नियमानेच कापलं असणार असं धरून लोक गप्प बसतात. पण नियम तर वेगळंच सांगतो. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं सर्क्युलर आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की बॅलन्स कमी झाला तर आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, पैसे भरायला एक महिना द्यायचा आणि तरीही भरले नाहीत तरच दंड लावायचा, तोसुद्धा जेवढी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात. म्हणजे ज्याचे २०० रुपये कमी पडलेत आणि ज्याचे ५,००० कमी पडलेत, दोघांना सरसकट सारखाच दंड लावता येत नाही. आणि नुसत्या या दंडापायी खातं मायनसमध्ये जाता कामा नये, हेही त्यातच आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. खात्यात पैसेच नसले तर दंड साचत राहतो आणि मग कधीतरी पगार, स्कॉलरशिप किंवा सबसिडी जमा झाली की सगळी थकबाकी एका फटक्यात वळती होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले तेव्हा हेच झालं, काही बँकांनी त्यातूनच चार्जेस कापले आणि सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. ज्या बाईकडे खात्यात ठेवायला पैसे नाहीत तिलाच पैसे नाहीत म्हणून दंड, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा! मला याचा खरंच संताप येतो.

सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत या दंडातून साधारण साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केले, ही माहिती सरकारनेच संसदेत दिलेली आहे. खाती सांभाळायला खर्च येतो हे मान्य, पण देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेने, स्टेट बँकेने, मार्च २०२० मध्येच हा दंड बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही केला, त्यांचं काही अडलं का? मग बाकीच्यांना का जमू नये.

शाखेत विचारायला गेलं की एकच उत्तर, सिस्टीमने कापलंय, आमच्या हातात काही नाही. हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. साध्या कागदावर तक्रार लिहा, नोटीस कुठल्या तारखेला पाठवली आणि दंडाचा हिशोब कसा केला हे दोनच प्रश्न विचारा, दंड आणि त्यावरचा जीएसटी परत मागा आणि कॉपीवर पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला एक रुपया लागत नाही, वकीलही लागत नाही. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेल्या खात्यावर तर हा दंड लावताच येत नाही, त्यामुळे घरातली जुनी पासबुकं एकदा काढून बघा. आणि ज्यांना बॅलन्स ठेवणं जमतच नाही त्यांनी बेसिक सेव्हिंग खातं मागावं, त्याला मिनिमम बॅलन्सची अटच नसते, पण काउंटरवर हे आपणहून कोणी सांगत नाही.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. हा दंड अजून घेणाऱ्या बँकांना तुम्हीच विचारा की दंडाआधी महिनाभराची नोटीस किती ग्राहकांना पाठवली, आणि जे उत्तर येईल ते बँकेच्या नावासकट छापा.

आपला,
एक वाचक