माझ्या नंबरला जादा पाव मागणाऱ्या मित्राला

प्रिय मित्रा,

तुझं नाव लिहीत नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षं एक्स्पोर्ट करणारे काही कमी नाहीत. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. फोनवर आभार मानायला गेलो की तू ‘बरं, पाऊस काय म्हणतो तुमच्याकडं’ असं विचारून विषय गुंडाळतोस, म्हणून हे उघड पत्र. शिवाय ज्यांच्या खात्यावर जमिनीचे पैसे नुकतेच पडलेत अशा दोघातिघांनी मला अलीकडं विचारलं, की बाबा, तुझ्याकडं असे पैसे आले तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर कसं राहिलं? पुरतं राहिलं की नाही ते गाव सांगेल. पण जेवढं राहिलं त्यात तुझा वाटा मोठा आहे.

लोकांना वाटतं, श्रीमंत मित्र म्हणजे अडल्यानडल्याला पैसे देणारा. तू मला कधी एक रुपया दिला नाहीस आणि मी मागितलाही नाही. मला आभार मानायचेत ते तू माझ्याकडून घेतलंस त्याचे.

नाशिकला कॉलेजात असताना बिल द्यायचा आपला नंबर लागायचा. एकदा तू, एकदा मी. तुझ्या नंबरला कॉलेज रोडवरच्या हॉटेलात पनीर आणि तंदुरी रोटी, माझ्या नंबरला टपरीवरची मिसळ. बाकीची पैसेवाली पोरं माझ्यासारख्याचा हात खिशाकडं गेला की ‘अरे राहू दे, मी देतो ना’ म्हणायची. त्यांचा हेतू चांगलाच असायचा, पण पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर जाताना पाय जड व्हायचा. तू तसलं काही केलं नाहीस. उलट माझ्या नंबरला जादा पाव मागायचास, वर तर्री मागायचास आणि निवांत मिशा पुसत बसायचास. मी मनात हिशेब करायचो, चिडायचो सुद्धा. पण तुझ्याबरोबर बसताना मी कुणाचा मिंधा आहे असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. ते त्या जादा पावामुळं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आता एक स्पष्ट सांगतो. ‘माझा मित्र एवढा मोठा, पण राहणी किती साधी’ असल्या छापाचं मी तुझ्याबद्दल लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. तुझ्या घड्याळाच्या किमतीत माझ्याकडं एक बरी गाय येईल. तुझ्या लग्नात जेवणाच्या पंगती संध्याकाळपर्यंत उठत होत्या. तुला बूट लागतात तेही ठरावीक दुकानातलेच. श्रीमंतानं फाटकी चप्पल घालून हिंडावं म्हणजे तो नम्र, ही आपल्याकडची एक सोयीची समजूत आहे. असे साधे राहणारे पण गड्याला उन्हात ताटकळत ठेवणारे लोक मी पाहिलेत. तुझ्याकडं उलटं होतं, आणि मला ते जास्त पटलं.

२०१० चा हंगाम आठव. युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अंश सापडले. छाटणीनंतर शेंड्यांची वाढ रोखायला सगळे सर्रास मारायचे ते औषध, पण इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. माल तिकडं पोचलेला, कंटेनर अडकलेले, इकडं शेतकरी पैशाला दारात उभे. तू रात्री उशिरा आमच्या वस्तीवर आलास. घरी बसवत नव्हतं, एवढंच बोललास. आईनं पिठलं-भाकरी केली. सकाळी निघताना तिनं रुमालात बांधलेले दोन हजार रुपये तुझ्या हातावर ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचं बुडालेलं कुठं आणि हे दोन हजार कुठं! पण तू ते घेतलेस. ‘काकू, हंगाम झाला की देतो,’ म्हणालास आणि रुमालासकट खिशात घातलेस.

पुढच्या हंगामानंतर आलास तेव्हा बरोबर दोन हजार घेऊन आलास. साडी नाही, मिठाईचा पुडा नाही, व्याज म्हणून पाचशेची नोट वर नाही. दोन हजार आणि धुतलेला रुमाल. आईनं तुझ्यासमोर मोजून घेतले. त्या दिवसापासून ती तुला ‘द्राक्षवाला’ म्हणायची बंद झाली आणि नावानं हाक मारायला लागली, अगदी अरेतुरेवर.

मग आमच्यावर पैशाची वेळ आली. (पैसा येतो त्यालाही वेळच म्हणतो मी. चांगली-वाईट नंतर ठरते.) समृद्धी महामार्गाची मोजणी आली तेव्हा सिन्नर तालुक्यात किती विरोध झाला ते तू पाहिलंस. शिवड्यात आणि आजूबाजूला लोक रस्त्यावर होते, आम्हीही होतो. मग २०१७ मध्ये थेट खरेदीचे दर जाहीर झाले, रेडीरेकनरच्या पाचपट, आणि एकेक जण सह्या करायला लागला. आमच्या सात एकरांतले पावणेतीन एकर गेले. कोरडवाहू माळ, ज्यावर बाजरी धड यायची नाही, त्याचे खात्यावर आले ते आकडे वाचायला मला बोट ठेवून शून्यं मोजावी लागली.

खरेदीखताच्या आधी तू आलास, नव्या कोऱ्या गाडीतून उतरलास आणि म्हणालास, सहा महिने काही घेऊ नको, गाडी तर अजिबात नाही. हसलो होतो आपण दोघंही. मग तू सातबारा मागितलास. वडील गेल्यावर वारस म्हणून दोघी बहिणींची नावं लागलेली होती. चुलत्यांचं म्हणणं, पोरींकडून हक्कसोड लिहून घ्या, साडीचोळी करू, भाऊबीज मोठी करू. आमच्याकडं ही रीतच आहे. तू चुलत्यांशी वाद घातला नाहीस. मला ओट्यावर नेऊन एवढंच म्हणालास, ‘आधी बहिणींना एकूण आकडा सांग. मग सही मागायची लाज वाटते का बघ.’

मी आकडा सांगितला. मग सही मागितलीच नाही. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आला, हे मला माहीत होतं, तरी घरात ते कुणी बोलत नव्हतं. दोघींनी आपापला हिस्सा घेतला. धाकटीनं त्यातून विहीर खोल केली आणि थोरलीनं मुलीला नर्सिंगला घातलं. चुलते वर्षभर बोलत नव्हते. आज राखीला दोघी येतात तेव्हा माझ्याकडं डोळे वर करून बघतात. गावातल्या काही घरांत हा सण बंदच झालाय.

पैशाचं बाकीचं तू पटापट उरकलंस. एका पतसंस्थेचा संचालक घरी येऊन बसला होता, जादा व्याज देतो म्हणाला. तू सांगितलंस, पतसंस्थेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण नाही, आणि बँकेतही त्या वेळी एक लाखापर्यंतच होतं. (आता पाच आहे.) म्हणून रक्कम वेगवेगळ्या बँकांत विभागली, आणि गोदेच्या बाजूला पाण्याखालची दीड एकर घेतली. उसने मागायला येणाऱ्यांबद्दलही तुझा एकच नियम होता: ‘बघतो’ म्हणायचं नाही. हो किंवा नाही, समोरासमोर आणि त्याच दिवशी. त्यानं किती शिव्या वाचल्या, आणि किती मैत्र्या!

पण गावात कसं वागायचं, हे तू सांगितलं नाहीस. ते मी कॉलेजात तुझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून आधीच शिकलो होतो. आमच्या आळीत पैसे आल्यावर दोन गोष्टी झाल्या. काहींनी टपरीवर सगळ्यांचा चहा आपल्या नावावर लावला, रोज, आणि चार महिन्यांत त्यांच्या टेबलाजवळ कुणी बसेना. आणि सगळ्यांनीच शेजाऱ्याकडं काही मागायचं बंद केलं. फवारणीचा पंप स्वतःचा, शिडी स्वतःची, विरजणसुद्धा दुकानातलं. आपलं मागणं थांबलं की शेजाऱ्यालाही आपल्या दारात यायला निमित्त राहत नाही. मोठ्या फाटकापेक्षा गावं तुटतात ती यानं.

माझा बालमित्र ॲपे चालवतो. सिन्नरला भेटला की वडापाव तो घेतो, मी दोन खातो आणि तिसऱ्याकडं बघतो. तो शिव्या देतो. गेल्या पावसाळ्यात कांद्याच्या रोपावर मारायला पंप त्याच्याकडूनच आणला. माझा होता, पण नोझल बिघडला होता आणि दुरुस्तीला टाकायची घाई मी केली नाही, एवढं तुला सांगायला हरकत नाही.

वहिनींनाही आभार सांग. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्या दवाखान्यात रात्रभर बाकावर बसल्या, घरी जा म्हटलं तरी गेल्या नाहीत. आईचा निरोप आहे: द्राक्षांची गोडी छाटणी उरकली की ये, एक दिवस राहायच्या बोलीनं. तिनं नवी बाजरी बाजूला काढून ठेवलीय. आणि तुझ्याकडची मोठी शिडी घेऊन ये, आमची मोडलीय. खरोखर मोडलीय.

तुझा,
सिन्नरकर