वकीलपत्र रद्द करणे व दाव्याची कागदपत्रे परत मिळणेबाबत

दि. २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मुख्य भागीदार,
वकिलांची फर्म, पुणे

महोदय,

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा माझा दावा २०२१ साली मी आपल्या फर्मकडे सोपवला. चार वर्षांत तो तीन ज्युनिअरांच्या हातून गेला आणि प्रत्येकाला मी वडिलांच्या मृत्यूपासून पुन्हा सगळं सांगत बसले. तिसऱ्याने तर मलाच विचारलं, "मॅडम, आपण वादी की प्रतिवादी?" तेव्हाच उठायला हवं होतं.

१२ ऑगस्टची तारीख होती. कोर्टात येऊ का, असं आदल्या दिवशी फोनवर विचारलं, तर "तुमची गरज नाही, नुसती तारीख पडेल" असं उत्तर मिळालं. १३ तारखेला "पुढची तारीख पडली, कळवतो" असा मेसेजही आला. १९ तारखेला भाच्याने मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला तेव्हा समजलं, की वादी आणि वादीचे वकील गैरहजर म्हणून दावा १२ तारखेलाच काढून टाकलाय. प्रतिवादी, म्हणजे माझे दोघे भाऊ, वकिलांसह हजर होते.

एखादी तारीख चुकू शकते. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, गैरहजर मुलांच्या 'पोटात दुखत होते'च्या चिठ्ठ्या पुष्कळ वाचल्या. पण हजेरी लागली असं खोटंच सांगणारी चिठ्ठी कुणी आणली नव्हती. माझा राग त्या मेसेजवर आहे.

दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत द्यावा लागतो. नवे वकील तयार आहेत, कागद आपल्याकडे आहेत. आपले कारकून म्हणतात, राहिलेले ४०,००० भरा, मगच वकील बदलायला ना-हरकत आणि फाइल मिळेल. कसले राहिलेले? जूनमध्ये दिलेली रक्कम साक्षीपुराव्याची आगाऊ फी होती आणि पुरावा सुरूच झाला नाही. हिशोब लेखी द्या, देणं निघालं तर देईन. पण फीसाठी अशिलाची फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलेलं आहे. ते मी आपल्याला सांगावं, याचीच लाज वाटते.

या पत्राने मी आपल्याशी असलेला व्यवहार संपवत आहे. वकीलपत्र रद्द करण्याचा अर्ज न्यायालयात वेगळा देत आहे. आपण ना-हरकत दिलीत तर दोघांचाही वेळ वाचेल, नाहीतर न्यायालयाची परवानगी मागेन. सातबारा आणि फेरफाराच्या नकला, वडिलांच्या मृत्यूचा मूळ दाखला, आजोबांचं मूळ खरेदीखत आणि दाव्याची संपूर्ण फाइल शुक्रवारी, २९ ऑगस्टला, सकाळी ११ वाजता मी स्वतः येऊन घेईन. यादीवर दोघांच्या सह्या होतील.

भाचा म्हणत होता, ग्राहक आयोगात जा. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालानंतर वकिलांविरुद्ध तो रस्ता बंद आहे, एवढं मी वाचलं आहे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा रस्ता मात्र उघडा आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खालची तक्रार लिहून तयार आहे, सोबत त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आहे. शुक्रवारी फाइल मिळाली नाही तर सोमवारी तक्रार पाठवीन.

कळावे,

आपली आतापर्यंतची अशील