तलवार घे, पण पातं पाहून घे

धुळे

चि. वैशू हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची १७९६ च्या नमुन्याची तलवार, नव्याने घडवलेली, तुला घ्यायची आहे. घे. तुझी आई म्हणाली, "पोरले तलवार कसाले जोयजे?" मी तिला म्हटलं, सारंगखेड्याच्या यात्रेत जी पोर घोड्यांच्या रांगेतून हलायला तयार नसायची, पगार सुरू झाल्याबरोबर जिने घोडेस्वारी शिकायला घेतली, तिला स्वाराच्या हातात काय असायचं तेही धरून बघावंसं वाटणारच. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नाही.

फक्त दुसऱ्या फोटोतली ती चकचकीत तलवार घेऊ नकोस. ती स्टेनलेसची आहे. नवरदेवाच्या हातात, टोकाला लिंबू खोचून मिरवायला ती ठीक. एवढ्या लांब पात्याला स्टेनलेस चालत नाही, ते लवत नाही, मोडतं. शिवाय असल्या तलवारीत बहुतेकदा मुठीच्या आत पात्याला बारीक सळई वेल्ड करून जोडलेली असते. जोरात फिरवली की तिथेच तुटते आणि अख्खं पातं समोरच्याच्या अंगावर जातं. पात्याचं पोलाद मुठीतून अखंड आरपार गेलेलं आणि वरच्या टोकाला ठोकून पसरवलेलं हवं. विकणाऱ्याला मुठीच्या आतला फोटो माग. देत नसेल तर तिथून घेऊ नकोस.

पोलादाचं मला कळतं, कारण आग्रा रोडवर माझा जन्म ट्रकच्या कमानपाट्यांत गेला. पाट्याला जे ईएन ४५ नावाचं स्प्रिंगचं पोलाद लागतं, ते चांगल्या तलवारींनाही वापरतात. १०६५, १०७५ अशा नंबरांचं हाय कार्बन पोलादही चालतं. पण नुसता नंबर वाचून भुलू नकोस. तापवून तेलात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण त्याचबरोबर ठिसूळही होतं. मग पुन्हा बेताच्या आचेवर तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. हे दुसरं तापवणं ज्याने घाईत उरकलं, त्याचा पाटा पहिल्याच घाटात तुटून माझ्याकडे येतो. तेव्हा हे दुसरं तापवणं, म्हणजे टेम्परिंग, केलंय का आणि रॉकवेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, किती, हे दोन प्रश्न विचारच. पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यानचा आकडा आला तर पुढचं बोल.

आता जाडी. तू या गोष्टीचा काहीच उल्लेख केला नाहीस, आणि माझ्या मते सगळी तलवार इथेच आहे. त्या काळच्या अस्सल तलवारीचं पातं ३३ इंचांच्या आसपास, एकधारी, वाकलेलं आणि टोकाकडे रुंद होत गेलेलं. रुंदी वाढते तशी जाडी मात्र उतरत जाते. मुठीशी ८ मिलिमीटरच्या आसपास आणि टोकाजवळ जेमतेम २. म्हणून वजन किलोच्या आतबाहेर असूनही ती मनगटावर फिरते आणि टोक वाऱ्यासारखं जातं. नकला करणारे बरेच जण सरसकट एकाच जाडीची पट्टी कापून तिला आकार देतात. वजनकाट्यावर दोन्ही सारख्याच भरतील, पण नकलेचा सगळा भार पुढे राहतो आणि थोड्या वेळात मनगट भरून येतं. म्हणून तीन ठिकाणची जाडी व्हर्नियरने मोजून मागव: मुठीशी, मध्यावर आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. तिन्ही आकडे सारखे आले तर तलवार कितीही देखणी असो, सोडून दे. देहरादूनला हा धंदा जुना आहे, तिथली विंडलास कंपनी १९४३ पासून आहे. तिथून सैन्यांसाठीही तलवारी जातात. तिथल्याच मालाची चौकशी कर, पण नावावर जाऊ नकोस, मापावर जा.

आणि नक्कल घेतेय म्हणून मनात कमीपणा आणू नकोस. या तलवारीचा आराखडा ज्याने केला तो ल मार्शां नावाचा घोडदळाचा अधिकारी. १७९३-९४ च्या फ्लँडर्सच्या लढाईत इंग्रज स्वार आपल्याच तलवारीने आपलेच घोडे जखमी करताना त्याने पाहिले. मग त्याने तुर्की, मामलुक, हंगेरियन स्वारांची वाकडी पाती मनात धरून बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बॉर्नकडून नवी तलवार घडवून घेतली, आणि ती चालवायची कवायतही लिहून काढली. पुढे १८११ मध्ये प्रशियाने तिचीच नक्कल आपल्या घोडदळाला दिली. आपल्याकडेही युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवून फिरंग नावाची तलवार होत असे. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्रात परत आली, तिचं पातं युरोपीय आणि मूठ मुल्हेरी घडणीची. बागलाणातल्या आपल्या मुल्हेरच्या मुठींचं नाव त्या काळी होतं, हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

या नमुन्याच्या काळातच, २३ सप्टेंबर १८०३ ला, अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे असईला लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीकडे १९ वी लाइट ड्रॅगून्स ही हलक्या घोडदळाची गोरी पलटण होती, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. महिनाभरात बुऱ्हाणपूर गेलं, असीरगड गेला, आणि १८१८ मध्ये थाळनेरही पडलं. तुझ्या हातात येणार आहे ती आपल्यावर उगारलेली तलवार आहे, हे मला खटकत नाही असं नाही. पण ज्याने आपल्याला हरवलं त्याचं हत्यार आणि त्याची शिस्त समजून घेणं मला आवश्यक वाटतं. तू ते समजून घ्यायला निघाली आहेस, याचा मला अभिमान आहे.

इंग्रज घोडदळाचा कॅप्टन नोलन, जो पुढे १८५४ मध्ये बालाक्लाव्हाला मेला, त्याने निजामाच्या बेकवायती स्वारांबद्दल लिहून ठेवलंय. त्यांच्या वारांनी झालेल्या जखमा इतक्या भयंकर होत्या की त्यांच्या तलवारी पाहायला तो मुद्दाम गेला. पाहतो तर इंग्रजी घोडदळाने मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, धार राखली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईशिवाय ते ती बाहेर काढतच नसत. इंग्रज शिपायाचं म्यान लोखंडी, त्यात पातं घासून घासून धार जायची. पातं तेच, फरक सगळा राखणीचा.

तुझ्या तलवारीला मात्र धार नको. बोथटच मागव आणि नंतरही लावून घेऊ नकोस. कायद्याचंही नीट ऐक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तलवार हे शस्त्रच आहे, आणि २०१६ च्या नियमांतल्या यादीत तिचं नाव लिहिलेलं आहे. "शोभेची आहे" म्हटल्याने सुटका होत नाही. कुरिअरने मागवलेल्या तलवारी महाराष्ट्रात पोलिसांनी कितीदा तरी पकडल्या आहेत. म्हणून आधी तुझ्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे, परवाना लागतो का ते विचार आणि उत्तर लेखी घे. ते हातात आल्याशिवाय पैसे भरू नकोस. बिलावर तुझं नाव, पत्ता आणि बोथट असल्याचा उल्लेख हवा. सणासुदीला मनाई आदेश असतात, तेव्हा ती घराबाहेर काढायचीच नाही. सरावाला न्यायची झाली तर पुन्हा विचारून, आणि बांधून.

पुण्याच्या पावसात पोलादाला दोन दिवसांत तांबेरा धरतो. हात लागला की कोरड्या कापडाने पुसायचं आणि शिलाई मशीनचं तेल पातळ फिरवायचं. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नकोस, चामडं ओल धरतं.

तिच्याबरोबर लोखंडी म्यान येईल ते राहू दे, पण रोजच्या ठेवणीला लाकडी म्यान मी करून घेतो. शिवण झाडाच्या लाकडाची एक वाळलेली फळी माळ्यावर आहे, हलकी आणि सरळ रेषांची. सुताराशी बोलून ठेवलंय. तलवार आली की पातं जाड कागदावर आडवं ठेवून पेन्सिलने कडेकडेने रेघ मार, जाडीचे आकडे त्यावरच लिही, आणि कागद घडी न घालता गुंडाळी करून पाठव.

तुझे
आप्पा