कुणी सांगितलं होतं?

प्रिय उषा,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, माहीत आहे. शिव्या नंतर घाल, आधी ऐक. बीपी आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंगवरून, म्हणजे आधी केस द्यायची आणि पोरींनीच उत्तर शोधायचं, यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचीस, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठवाल्यांनी १९६९ मध्ये सुरू केलं ते छोट्या गटांसाठी, तुझ्या नर्सिंगच्या भरलेल्या वर्गात कसलं जमतंय! जमवलं. गट पाडले, मी फिरत राहते. सगळ्यात अवघड काय, तर मी गप्प बसणं. हसू नकोस.

कागदावरची केस अशी: खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, दुसरी रात्र, सलाईन ओढतायत, उठून घरी निघाल्यायत. पहिल्या पानावर एवढंच. पोरींनी धडाधड स्मृतिभ्रंश ठरवून टाकला. एकीने हात बांधले, दुसरीने झोपेचं इंजेक्शनही दिलं (कुणाच्या ऑर्डरवर, देव जाणे). हजेरीलाही पुटपुटणारी एक म्हणाली, "मॅडम, आजींचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठंय?"

ओटीत नेताना काढलेलं, परत दिलंच नव्हतं. ते तिसऱ्या पानावर होतं गं! मग गट सुटलाच: दुखतंय का, लघवी तुंबलीय का, ऑक्सिजन किती, नवीन औषध कोणतं. डिलिरियमची, म्हणजे अचानक उडणाऱ्या अशा गोंधळाची, कारणं मला फळ्यावर लिहावी लागली नाहीत.

पोरगी तिथं थांबली नाही. वॉर्डात तिने पारदर्शक प्लास्टिकची पिशवी खाटेला लावली, वर बेड नंबर. चष्मा, मशीन, कवळी त्यात. रात्रपाळीला लांबूनच दिसावं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "कुणी सांगितलं होतं? मशीन हरवलं तर जबाबदार कोण?" पिशवी उतरली. दुसरा प्रश्न रास्तच आहे. पण तो पहिल्याच्या आवाजात का विचारायचा?

हेच डोक्यातून जात नाही. वर्गात प्रश्नाला शाबासकी, वॉर्डात तोच उद्धटपणा. आम्ही 'नवकल्पना' म्हणतो आणि पेपरात विचारतो, डिलिरियमची व्याख्या लिहा. कुठं गप्प राहायचं ते पोरी चटकन शिकतात. तूही "पण का?" विचारून नाइट लावून घ्यायचीस. (माझा केअर प्लॅन तूच उतरवला होतास, विसरले नाहीये.)

त्यांना इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरची गोष्ट सांगितली, तिचं आडनावच वॉर्ड. १९५६ मध्ये तिने कावीळ झालेलं बाळ उन्हात नेलं, चादरीखालचा भाग तेवढा पिवळा राहिला, ते डॉक्टरांना दाखवलं आणि पुढे त्यातून फोटोथेरपी, म्हणजे काविळीवरचा उजेडाचा उपचार, आली. एकीने विचारलं, "तिच्या इन्चार्ज काय म्हणाल्या?" अगं, त्या युनिटची इन्चार्ज तीच होती! मी काय बोलणार?

सोमवारी पोरगी त्याच वॉर्डात आहे. इन्चार्जशी मी बोलू, की तिलाच बोलू देऊ? मी बोलले तर पुन्हा उत्तर मीच दिलं. नाही बोलले तर तिला एकटीला पुढं केलं. तू काय केलं असतंस?

लेकीची ॲडमिशन झाली का? बदलीचं काय? आणि आयसीयूतली एखादी केस पाठव, नाव-गाव काढून. उत्तर पहिल्याच पानावर लिहू नकोस, तुझी खोड आहे ती.

तुझीच,
मंदा