नितीनजी, १२०० सीसीची ही रेघ पुसायला हवी

प्रति,
मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

२००५ साली आपल्याकडे स्विफ्ट आली तेव्हा तिच्या पेट्रोल इंजिनाची ताकद ८७ अश्वशक्ती होती. आज शोरूममध्ये उभी असलेली नवी स्विफ्ट ८०च्या आसपास आहे. मधल्या वीस वर्षांत आपले महामार्ग चौपदरी झाले, सहापदरी झाले, द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटरची परवानगी मिळाली. गाडीत एअरबॅग आल्या, घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी आलं. ताकद मात्र होती त्याहून कमी झाली. जपानमध्ये याच गाडीची स्विफ्ट स्पोर्ट नावाची आवृत्ती याच काळात १२५ वरून १४० अश्वशक्तीवर गेली. ती भारतात एकदाही विकली गेली नाही.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. लहान, हलक्या आणि वेगवान हॅचबॅक गाड्यांचं मला मनापासून वेड आहे, आणि माझ्यासारखे या शहरात बरेच आहेत. आपल्या खात्याचा गाड्यांशी रोजचा संबंध, आणि आपल्याशी मराठीत बोलता येतं, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. छोट्या गाडीवरचा कर तिच्या इंजिनाच्या आकारावरून ठरतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. करांचा विषय आपल्या खात्यात येत नाही याची मला कल्पना आहे. पण मंत्रिमंडळात गाडीची नस ओळखणारा माणूस म्हणून आपल्याकडेच पाहिलं जातं.

मूळ गोष्ट २००६ची आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘छोटी गाडी’ म्हणजे काय ते ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत (सीसी म्हणजे इंजिनाच्या आकाराचं माप). अशा गाडीचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. हेतू चांगलाच होता, सामान्य घरात गाडी यावी हा. तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. पुढे उत्पादन शुल्क गेलं, जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दरही बदलले, पण ती रेघ जागची हलली नाही. रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के.

या रेघेने काय केलं ते स्विफ्टमध्येच दिसतं. पहिल्या स्विफ्टचं इंजिन १२९८ सीसीचं होतं. २०१० मध्ये त्या जागी ११९७ सीसीचं आलं. नव्या प्रदूषण नियमांचा त्यात वाटा होताच, पण ११९७ हा आकडा काही आभाळातून पडला नाही. आज बाजारातल्या हॅचबॅकच्या माहितीपत्रकांवर नजर टाका: ११९७, ११९९, ९९८. इंजिन किती मोठं असावं हे इंजिनिअरने ठरवायचं असतं. आपल्याकडे ते करनिर्धारणाच्या तक्त्याने ठरवलं.

आता स्विफ्ट स्पोर्टची मापं बघा. लांबी ३८९० मिलिमीटर. वजन एक टनाच्याही आत, जपानी आवृत्तीत ९७० किलो. इंजिन १.४ लिटरचं, म्हणजे सुमारे १४०० सीसीचं, आणि टर्बो, म्हणजे जास्त हवा दाबून भरून ताकद वाढवणारं. चार मीटरच्या कसोटीत ती आरामात बसते, इंजिनाच्या कसोटीत नाही. म्हणून ती इथे बनवली तरी तिच्यावर ४० टक्के लागेल. दोन टनांहून जड, पावणेपाच मीटरहून लांब फॉर्च्युनरवरही तेवढेच ४० टक्के. टोयोटाची जीआर यारिस ३९९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे तीही चार मीटरच्या आत. तीन सिलिंडरचं १.६ लिटर टर्बो इंजिन, जपानी आवृत्तीत सुरुवातीला २७२ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. रॅलीसाठी घडवलेल्या या गाडीचं नाव काढलं की आमच्याकडची पोरं बोलता बोलता थांबतात. तीही त्याच रकान्यात.

कुणी म्हणेल, १२०० सीसीतच टर्बो बसवा की. बसवलाय. महिंद्राचं ११९७ सीसीचं इंजिन १३० अश्वशक्ती देतं, टाटांनी अल्ट्रोझ रेसरमध्ये १२० दिली, ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये ९९८ सीसीतून १२० मिळतात. या सगळ्यांचं मला कौतुक आहे. पण जगभरच्या वेगवान हॅचबॅकची तयार, पारखून घेतलेली इंजिनं १.४ आणि १.६ लिटरची आहेत. परदेशातली खरी आय-ट्वेंटी एन १.६ लिटर टर्बोवर चालायची आणि २०४ अश्वशक्ती द्यायची. वर्षाला दोन-तीन हजार गिऱ्हाइकांसाठी कुठलीच कंपनी खास भारताच्या मापाचं नवं इंजिन विकसित करणार नाही. तयार इंजिन बसवायचं म्हटलं की कर दुपटीहून जास्त. मग कंपनी काय करते? बंपरला लाल पट्टी, शिलाईला लाल दोरा, मागे दोन एक्झॉस्ट, आणि बोनेटखाली नेहमीचंच इंजिन.

रेघ ओलांडायचं धाडस कुणी केलंच नाही असं नाही. २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली फियाटची पुंटो अबार्थ आली. १३६८ सीसीचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. इटलीतल्या नावाजलेल्या कारखान्याची ओळख लागलेली गाडी महाराष्ट्रातल्या कामगारांनी जोडली होती. जास्तीचा कर सोसूनही ती दहा लाखांच्या आत बसवली गेली. काही वर्षांतच ती गेली, तिच्यामागे, रेघेच्या आतल्याच असूनही, मारुतीची बलेनो आरएस गेली, टाटांची टियागो जेटीपी गेली. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली ती फक्त ९९ गाड्यांपुरती, तीही तीन दारांची आणि २५ लाख ९९ हजारांना.

मागणीच नाही हे उत्तर मला पटत नाही. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय पूर्ण तयार होऊन परदेशातून आली. पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुक झाल्या, आणि किंमत जाहीर झाली ती सुमारे ५३ लाख. ज्यांना परवडतं त्यांनी घेतली, आनंद आहे. पण हॉट हॅच, म्हणजे वेगवान हॅचबॅक, नावाचा प्रकार जन्माला आला तो मधल्या मिळकतीच्या माणसासाठी. आठवडाभर ऑफिस, बायको-मुलं, किराणा, आणि रविवारी सकाळी दोन तास घाटात. ५३ लाखांच्या गाडीत तो माणूस बसत नाही.

घाटाचं नाव निघालं आहे तर सांगतो. महूकडून मंडलेश्वरला उतरताना जाम गेट लागतं. अहिल्यादेवींनी बांधलेली ही वेस जिथे उभी आहे तिथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. पावसाळा सरला की पहाटे या रस्त्यावर गर्दी नसते. इथे पाच मीटरची एसयूव्ही वळणाला कलते, आतली माणसं दांडा धरून बसतात. हलकी हॅचबॅक तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर घेतली, स्टिअरिंग किंचित वळवलं, की ती वळणाच्या आतल्या कडेला चिकटून निघते. ताशी ५० लासुद्धा मजा येते. गाडी लहान, रस्ता लहान, आणि माणसाला चारही चाकं कुठे आहेत ते हाताला कळतं. मला हवं आहे ते हे. ताशी २०० ची हाव नाही.

आता सुरक्षेचं. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं गेली. आपण या विषयावर किती पोटतिडकीने बोलता ते सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणून ‘वेगवान गाड्या आणखी कशाला’ हा प्रश्न आपल्या मनात येणारच. पण वेगवान गाड्या आजही विकल्या जातातच की. स्कॉर्पिओ एन पेट्रोलची ताकद २०० अश्वशक्तीच्या वर आहे, एक्सयूव्ही ७०० ची २०० होती. वजन पावणेदोन टन किंवा त्याहून अधिक, बोनेट पायी चालणाऱ्याच्या छातीला येईल इतकं उंच. आपल्या कायद्याला ताकदीचं वावडं नाही. लहान आणि हलक्या गाडीत ती ताकद आली तरच ती महाग पडते. धडक बसते तेव्हा वजन आणि उंची कुणाच्या अंगावर येतात, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

आणि कंपनी देत नाही म्हणून पोरं थांबलेली नाहीत. इंदूरच्या कुठल्याही चांगल्या गॅरेजात संध्याकाळी जा. जुनी डिझेल स्विफ्ट उभी असते, १२४८ सीसीची, कारखान्यातून ७५ अश्वशक्ती घेऊन निघालेली. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल, दुसरं टोक सीटवरच्या लॅपटॉपला. रिमॅपची फाइल, म्हणजे इंजिनाकडून जास्त ताकद काढणारी नवी आज्ञावली, चढायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. मग मुलगा गाडी बाहेर काढतो आणि परत येतो तेव्हा चेहरा खुललेला असतो: ‘भिया, पिकअप तो देखो!’ टर्बोचा दाब वाढला, टॉर्क वाढला, काळा धूरही वाढला. मागच्या चाकांना ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे. टायर तेच, सस्पेन्शन तेच, क्लच तोच. चाक उघडून मागचे ब्रेक शू बघायला मी एकदा सांगितलं, तर ते गुळगुळीत झालेले निघाले, आणि ती गाडी त्याच रात्री बायपासला जाणार होती.

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. निर्णय योग्यच आहे. पण मुलाला फक्त नाही म्हणून भागत नाही, त्याला दुसरी वाट दाखवावी लागते. कारखान्यातून निघालेल्या स्विफ्ट स्पोर्टला चारही चाकांना डिस्क ब्रेक असतात, रुंद टायर असतात, त्या ताकदीच्या हिशोबाने बसवलेलं सस्पेन्शन असतं, आणि हे सगळं एकत्र तपासून पास झालेलं असतं. तीच ताकद एकीकडे ब्रेकसकट मिळते, दुसरीकडे ब्रेकशिवाय. सध्याच्या व्यवस्थेत दुसरीच मिळते.

आयातीचा रस्ता आपल्या खात्याने २०१८ मध्ये मोकळा केला, त्याबद्दल मनापासून आभार. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या, मान्य परदेशी मानकांना उतरलेल्या गाड्या कंपनीला वर्षाला २५०० पर्यंत इथल्या होमोलोगेशनशिवाय, म्हणजे इथली चाचणी-मंजुरी न घेता, आणता येतात. गोल्फसारख्या गाड्यांना असा मार्ग फार मोलाचा. पण पुढचा हिशोब बघा. समजा, बंदरावर उतरलेली एक छोटी गाडी १२ लाखांची आहे. ४० हजार डॉलरच्या आतली असल्याने सीमाशुल्क ७० टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. झाली २० लाख ४० हजार. त्यावर ४० टक्के जीएसटी, ८ लाख १६ हजार. एकूण साडेअठ्ठावीस लाखांच्या वर, आणि अजून डीलरचा वाटा, आरटीओ, विमा सगळं बाकी. दार उघडं आहे, पण उंबरठा छातीएवढा आहे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. छोटी गाडी ठरवताना इंजिनाचे सीसी मोजणं थांबवावं. लांबी आणि वजन मोजावं, हवं तर किलोमीटरमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा. चार मीटरच्या आतली, ठरावीक वजनाखालची गाडी रस्त्यावर जागा कमी घेते, टायर आणि डांबर कमी झिजवते, पार्किंगला अडत नाही. सराफा बाजारात रात्री गाडी लावायची वेळ आलेल्या कुठल्याही इंदूरकराला विचारा, छोटी गाडी म्हणजे काय ते तो हाताने दाखवेल. सीसीचा त्यात संबंध नाही. आपण हा प्रस्ताव अर्थमंत्र्यांकडे आणि जीएसटी परिषदेपुढे मांडावा. २००६ मध्ये टर्बो पेट्रोल इंजिनं आपल्याकडे जवळपास नव्हतीच, तेव्हा सीसी आणि ताकद यांचं नातं सरळ होतं. आता १००० सीसीची गाडी जुन्या १६०० सीसीएवढी पळते, म्हणजे ज्या कारणासाठी ते माप निवडलं ते कारणच उरलेलं नाही.

हे घडलं तर या गाड्या बाहेरून आणायचीही गरज नाही. बलेनो २०१६ पासून, फ्रॉन्क्स २०२४ पासून आणि पाच दारांची जिम्नी २०२५ पासून भारतात बनून जपानला गेल्या. जिम्नीला तिथे चार दिवसांत ५० हजारांच्या आसपास मागणी आली आणि बुकिंग थांबवावं लागलं. जपानी गिऱ्हाइकाला आपल्या कारखान्यातली गाडी चालते. मग त्याच कारखान्यांत स्पोर्ट आवृत्ती बनून इथे विकायला आणि बाहेर पाठवायला अडचण कसली?

इंदूरचा या बाबतीत विशेष हक्क आहे असं मी मानतो. शहराला लागून पीथमपूर आहे आणि तिथे नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र: ११.३ किलोमीटरचा, चार पदरी, आशियातला सर्वांत लांब हाय-स्पीड ट्रॅक, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची ड्युसेनबर्ग गाडी, गुर्नी नटिंगच्या बॉडीची, आजही जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. गाडीची आवड या मातीत जुनी आहे. नॅट्रॅक्स अवजड उद्योग खात्याकडे आहे, तरी आपण शब्द टाकलात तर तिथे महिन्याचा एखादा रविवार नागरिकांसाठी ठेवता येईल. वेगात ब्रेक कसा मारायचा, ओल्या रस्त्यावर गाडी सुटली तर काय करायचं, हे शिकवणारे दिवस. बायपासवर रात्री पळणारी पोरं तिथे पैसे देऊन येतील, याची मला खात्री आहे.

घाई अशासाठी की या गाड्या जगातूनच कमी होत चालल्या आहेत. फोर्डची फिएस्टा एसटी २०२३ मध्ये गेली, आय-ट्वेंटी एन २०२४ मध्ये युरोपातून गेली, स्विफ्ट स्पोर्टच्या मागच्या पिढीचं उत्पादनही थांबलं. विजेच्या गाड्या येताहेत, येऊ द्यात, मीही एक घेईन. पण हलक्या पेट्रोल हॅचबॅकची जी थोडी वर्षं शिल्लक आहेत त्यात आमच्या वाट्याला एखादी तरी यावी.

जीएसटी परिषदेच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या खात्याकडून या व्याख्येवर लेखी शिफारस जावी, एवढी विनंती. तिची प्रत जाहीर झाली तर आम्हा सगळ्यांना वाचायला आवडेल. नॅट्रॅक्समध्ये आपण याल तेव्हा राजेंद्र नगरात चहाला अवश्य या.

आपला,
एक गाडीवेडा इंदूरकर
राजेंद्र नगर, इंदूर