वाडीच्या रेडिएटरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमची नात वाचून दाखवील म्हणून लिहिते आहे. आणि नागपुरातल्या चार गाडीवाल्यांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव टाकत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ होती. अमरावती रोडवर इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा ११४ अंशांवर गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि मी गाडी कशीबशी तुमच्या दुकानापुढच्या कडुलिंबाखाली उभी केली. धावतच आत आले आणि म्हटलं, "काका, पाणी द्या लवकर, गाडीत टाकायचं आहे." तुम्ही हातातलं काम खाली ठेवलं, माठावरचं झाकण काढलं, स्टीलचा गिलास भरला आणि माझ्यापुढे धरला. "आधी तू पे माय. गाडी थांबते."

मी गाडीकडे बोट दाखवत होते आणि तुम्ही गिलास मागे घेत नव्हता. शेवटी प्यायले. दुसरा भरलात, तोही प्यायले. तेव्हा कुठे कळलं की माझे हात थरथरताहेत आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. तुम्ही ट्रकच्या रेडिएटरच्या एका जुन्या जाळीवर फळकूट टाकून मला बसवलंत आणि गाडीला अर्धा तास हात लावू दिला नाहीत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं असतं, तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, वाकून तिथेच सगळं संपलं असतं. पण त्या वेळी तुम्ही इंजिनाचा विचार करत नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. तो गिलास अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्याआधीचे आठ महिने ही तापणारी गाडी गॅरेजांत फिरवताना मी काय काय ऐकलं, तेही सांगते. नावं घेत नाही. एका गॅरेजात पहिला प्रश्न होता, "मॅडम, सोबत कोणी आलं नाही का?" गाडी माझी आहे, माझ्या पगारातून घेतली आहे, तिचं इंजिन उघडलं तेव्हा शेजारी मी उभी होते, हे सांगूनही साहेब माझ्या ड्रायव्हरची वाट बघत राहिले. तिथेच थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की ते जाळीकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकला. "आपल्याकडच्या गर्मीत याची गरजच नाही." दुसऱ्या ठिकाणी गाडी सव्वा महिना पडून होती आणि परत मिळाली ती भल्या जाड, चार रांगांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरसकट. जेवढी जाळी जाड तेवढी गाडी थंड, असं सांगून त्याचे पैसे घेतले. बुटीबोरी यायच्या आत काटा पुन्हा वर. तक्रार केली तर म्हणे, ही गाडीच आपल्या देशातली नाही.

गाडी माझदाची आरएक्स-७ आहे. इंजिन १३बी, पिस्टनऐवजी आत गरगरणारे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे सगळं मिळून १३०८. आकडा एखाद्या साध्या हॅचबॅकचा, पण मोठा टर्बो लावून ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास. हे सगळं मी तुम्हाला सांगायला लागले, तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हीही हसाल. तुम्ही म्हणालात, "हे इंजिन मी कधी पाह्यलं नाही. काढून दाखव." आणि खडू दिलात.

काका, चाळीस वर्षं या कामात घालवलेला माणूस "मी पाह्यलं नाही" म्हणतो, हेच मला नवीन होतं. मी तुमच्या दुकानाच्या फरशीवर तो मधून दबलेला लंबगोल आणि त्यात फिरणारा तिकोना काढला. यात स्फोट नेहमी एकाच बाजूला होतो आणि थंड हवा नेहमी दुसऱ्याच बाजूने येते, त्यामुळे एक बाजू कायम भाजत राहते. ॲल्युमिनियमचं हाउसिंग बिडाच्या दोन प्लेटांमध्ये लांब बोल्टांनी आवळलेलं असतं आणि मध्ये पाणी अडवणारं बारीक रबरी सील असतं. एकदा जास्त तापलं की ॲल्युमिनियम फुगून ते सील चेपतं. मग पाणी आत शिरतं आणि सकाळी गाडी पांढरा धूर टाकते. तुम्ही उकिडवे बसून सगळं ऐकलंत आणि एकच विचारलंत, "न या तिकोन्याले कोण थंडं ठेवते?" मी म्हटलं, तेल. तुम्ही उठलात, बंपरखाली वाकलात आणि तेलाच्या दोन्ही छोट्या जाळ्या चिखलाने अर्ध्या बुजलेल्या दाखवल्यात. आठ महिन्यांत तिथे कोणी वाकून बघितलं नव्हतं. या इंजिनात उष्णतेचा मोठा वाटा तेलातून जातो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मीही वाकले नव्हते.

मग तो पेपरचा तुकडा. पंखा चालू करून तुम्ही पेपरचा फाटका तुकडा जाळीसमोर धरलात. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो सरकत सरकत कडेला गेला आणि बंपर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत सुळकन शिरला. त्या फटीत माझी मूठ जात होती. "घरी कूलर आहे ना माय? ताटीत गवत ठासून भरलं त हवा येईन का? न खिडकीत एवढी फट ठेवली त थंडी हवा कुठं जाईन?"

नागपूरच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसते. हवेला जाड जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूने निसटणं सोपं, म्हणून ती निसटत होती. त्यात पुढे इंटरकूलर, टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, म्हणजे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली. आणि आपली हवा मुळातच ४५ अंशांची. पाणी ९५ वर असेल तर फरक उरतो फक्त ५० चा. १५ अंशांच्या मुलखात तोच फरक ८० असतो. तिकडे ४०० हॉर्सपॉवरला पुरलेला रेडिएटर इथे का पुरत नाही, याचं उत्तर इतकं साधं होतं आणि ते मला फरशीवर बसून मिळालं.

काम काय काय केलंत, ते सगळं लिहीत बसत नाही. दोन रांगांची, रुंद चपट्या नळ्यांची, जुनीच्या निम्म्या जाडीची जाळी तुम्ही निवडलीत. स्वतःकडे तांब्या-पितळेचं काम असताना ॲल्युमिनियमच्या टाक्यांच्या वेल्डिंगसाठी मला दुसऱ्या कारागिराकडे पाठवलंत आणि "त्याचा हात या कामात माझ्याहून चांगला आहे" म्हणालात. जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापून मापं घेतलीत आणि बंपरच्या तोंडापासून जाळीपर्यंत पत्र्याचा बोगदा केलात. थर्मोस्टॅट तर तुम्ही हट्टाने परत लावायला लावलात. या इंजिनात तो पूर्ण उघडला की त्याची खालची चकती आतली आडवाट बंद करते. तो काढला की ती वाट कायम मोकळी आणि गरम पाणी जाळीकडे न जाता आतल्या आतच फिरत राहतं. म्हणजे ज्यांनी गाडी थंड व्हावी म्हणून तो काढला, त्यांनीच ती तापवली. तुम्ही त्यांना एक वाईट शब्द बोलला नाहीत. मी बोलत होते, तर म्हणालात, "जाऊ दे, त्याईले घाई असन."

पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत, मोजून, पावती देऊन. मला ते फार आवडलं. उपकार केल्याचा आव नाही, लुबाडणं नाही, कामाचा दाम आणि बोलण्यात आदर. माणसाला यापलीकडे काय हवं असतं? मोठमोठे काचेचे शोरूम आहेत, एसी आहेत, कॉफी विचारतात, आणि समोरच्या माणसाचं वाक्य पुरतं ऐकून घेत नाहीत. तुमच्याकडे टिनाचं छप्पर आहे आणि येणाऱ्या ट्रकड्रायव्हरलासुद्धा आधी पाणी मिळतं. मी तीन दिवस बसून पाहिलं, प्रत्येकाला मिळतं.

आता खुशाली सांगते. परवा नवतप्यात, बाहेर ४४ असताना, समृद्धी महामार्गावर शिवमडक्यापासून वर्ध्यापर्यंत १२० ने गेले. गाडीच्या मूळ काट्यावर भरवसा नाही, तो बराच वेळ मधेच बसून राहतो, म्हणून वेगळा लावलेलाच बघत होते. ९६ च्या वर गेला नाही. एसी चालू होता. वर्ध्याला गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले. सकाळी सुरू करताना धूर बघते, रोज बघते. पांढरा नाही. सील वाचलं आहे.

बोअरचं पाणी टाकलं नाही, शप्पथ. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, तुम्ही सांगितलेल्या मापाने.

डाव्या कोपऱ्यात फट बुजवायला लावलेला फोम थोडा सुटायला आला आहे. येत्या रविवारी सकाळी ऊन व्हायच्या आत येते. नातीला सांगून ठेवा, पुढची सीट तिची आहे.

तुमची,
पिवळ्या गाडीवाली